शिखंडी, तायप्पा आणि बारावीचा वर्ग

'शिखंडी' हा शब्द मराठीत शिवी म्हणून केव्हा रूढ झाला, हे कोशकारांनी शोधून काढावे. निवडणुकीच्या सभेत एका पुढाऱ्याने दुसऱ्याला तो शब्द लावला की हमखास टाळ्या पडतात. टाळ्या देणाऱ्यांना विचारले, तर शिखंडी म्हणजे ज्याच्या आड उभे राहून अर्जुनाने भीष्मावर बाण सोडले तो एक 'तसला' मनुष्य, यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही. मुलांसाठी लिहिलेल्या बहुतेक महाभारतांत शिखंडीच्या वाट्याला एवढेच एक वाक्य येते.

मूळ गोष्ट उद्योगपर्वात आहे आणि ती सांगतो खुद्द भीष्म. ऐकणारा दुर्योधन. द्रुपदाला मूल हवे होते. शंकराने वर दिला की मुलगी होईल आणि तीच पुढे पुरुष होईल. मुलगी झाली. राजाने आणि राणीने नगरात पुत्रजन्माची वार्ता दिली, मुलाचे सगळे संस्कार केले, नाव शिखंडी ठेवले. खरे काय ते तिघांनाच ठाऊक. मूल वयात आले तसे दशार्ण देशाच्या हिरण्यवर्मा राजाची मुलगी सून म्हणून आणली. आता आपल्याकडे लग्न म्हटले की कोणतीही गोष्ट फार दिवस झाकून राहत नाही. नवरीने दायांना सांगितले, दायांनी माहेरी कळवले, आणि हिरण्यवर्म्याचा दूत दारात येऊन उभा राहिला: फसवणूक केलीत, आता राज्यासकट तुमचा निकाल लावतो.

यानंतर जे आहे ते महाभारतातल्या अतिशय कोवळ्या प्रसंगांपैकी एक आहे असे माझे मत आहे. आईबाप घाबरून आपापसांत कुजबुजत आहेत, एकमेकांवर ढकलत आहेत, आणि ते मूल सगळे ऐकते आहे. माझ्यामुळे हे दुःखात पडले, या एका विचाराने ते घर सोडते आणि प्राण द्यायला रानात जाते. त्या रानात स्थूणाकर्ण नावाचा यक्ष राहत असतो. तो विचारतो, बाळ, तुझे काय दुखते? शिखंडी सांगतो. यक्ष हसत नाही, उपदेश करीत नाही. आपले पुरुषत्व काही दिवसांसाठी उसने देतो आणि त्याचे स्त्रीत्व स्वतःकडे ठेवून घेतो. हिरण्यवर्म्याची खात्री पटते, हत्ती-घोडे देऊन तो परत जातो. आणि शिखंडी काय करतो? ठरल्याप्रमाणे उसने घेतलेले परत करायला रानात जातो! तोवर कुबेराने यक्षाला शाप दिलेला असतो, शिखंडी जिवंत आहे तोवर तू असाच राहशील म्हणून. यक्ष म्हणतो, जा, सुखाने राहा. ज्याला आपण भ्याडपणाचे दुसरे नाव करून टाकले, तो वचन पाळण्यासाठी आपले सर्वस्व परत द्यायला निघालेला मुलगा आहे. पुढे तो द्रोणाचा शिष्य झाला, रथी झाला आणि युद्ध संपल्यावर रात्री शिबिरात अश्वत्थाम्याच्या हातून मेला.

दोन गोष्टी मला या कथेत नेहमी खटकतात. एक, त्या नवरीचे नाव व्यासांनी दिलेले नाही. तिने खरे तेच सांगितले होते, पण जाताना बाप उलट तिलाच रागावून जातो. दुसरी, हे सारे आम्ही मुलांपासून का लपवले? युद्ध, द्यूत, वस्त्रहरण सगळे सांगितले. लाक्षागृहात झोपलेल्या भिल्लिणीला तिच्या पाच मुलांसह पांडव जळू देतात तेही सांगितले. आणि एका घाबरलेल्या मुलाला रानात एक दयाळू जीव भेटला, एवढे मात्र त्यांच्या कानी पडू दिले नाही.

मी घोटीला मराठी शिकवतो. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातले हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. भाताच्या गिरण्या आणि मुरमुरे यांवर इथला बाजार चालतो. पाऊस असा की जूनमध्ये छत्री उघडली की दसऱ्यापर्यंत मिटत नाही. माझ्या वर्गात दुकानदारांची, गिरणीकामगारांची, शेतकऱ्यांची मुले आहेत, तशीच कळसूबाईच्या आणि टाकेदच्या बाजूच्या पाड्यांवरून एस.टी.ने नाहीतर जीपने येणारी ठाकर आणि महादेव कोळी मुलेही आहेत. या मुलांना 'पारलिंगी' हा शब्द माहीत नाही. वर्तमानपत्रांतला 'तृतीयपंथी' हा शब्द त्यांना सरकारी वाटतो. त्यांच्या तोंडी दोन-तीनच शब्द आहेत, आणि ते मी इथे लिहिण्याची गरज नाही. वाचकांनी ते आपापल्या शाळेच्या मैदानावर ऐकलेले आहेत. ज्या मुलाची चाल जरा निराळी, आवाज जरा मऊ, त्याला 'बायल्या' हे नाव पाचवी-सहावीतच मिळते आणि ते दाखल्यावरच्या नावापेक्षा जास्त टिकते.

आणि डोळ्यांसमोर चित्र कोणते? कसाऱ्याला गाडीला घाटाची इंजिने लागेपर्यंत डब्यात ऐकू येणारी ती टाळी. कोणी दहा रुपये देते, कोणी खिडकीबाहेर पाहते, कोणी झोपेचे सोंग घेते. टाळी वाजवणारी व्यक्ती सोळा वर्षांची असताना कोण होती, कुठल्या शाळेत होती, तिला कविता आवडत असत की गणित, हे कोणी विचारत नाही. २०११च्या जनगणनेत 'इतर' असा तिसरा रकाना प्रथमच ठेवला गेला. त्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. आकडे कमीच असणार; घरातल्या माणसाने गणनेला आलेल्या मास्तरांपुढे कोणता रकाना सांगितला असेल याची कल्पना आपल्याला करता येते. २०१४च्या १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता देणारा निकाल दिला, २०१९ साली संसदेने कायदा केला. कायद्याचे सारे वळसे इथे सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते एका निबंधाविषयी.

काही वर्षांपूर्वी बारावीच्या वर्गाला मी 'माझी सुट्टी' असा अगदीच गुळगुळीत विषय दिला होता. एका वहीतला दोन पानांचा निबंध वाचताना काहीतरी वेगळे वाटत राहिले. भाषा शुद्ध होती, वाक्ये नेटकी होती. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आले. त्या दोन पानांत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' असे एकही वाक्य नव्हते. 'मला आजोळी जायचे होते.' 'मी झाड पाहिले.' 'माझ्या हातून घागर फुटली.' 'मला रडू आले.' सगळीकडे कर्ता अशा बेताने फिरवला होता की क्रियापदाला लिंग लागूच नये.

मराठी क्रियापद किती चोंबडे आहे, याचा विचार आपण करीत नाही. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. तमिळ आणि कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' यांत फरक नाही. बोलणारा पुरुष की स्त्री हे त्या वाक्यावरून कळत नाही. मराठीत मात्र तोंड उघडून 'मी' म्हटले की पुढच्या शब्दाला आपण कोण ते जाहीर करावे लागते. येतो की येते, होतो की होते, दमलो की दमले. ज्याला आतून एक वाटते आणि जगाने दुसरे ठरवले आहे, त्याला दिवसातून शंभर वेळा एक तर खोटे बोलावे लागते किंवा गुपित फोडावे लागते. तिसरी वाट म्हणजे त्या वहीतली. नाही म्हणायला आमच्या भाषेतही काही फटी आहेत. 'मी जाईन', 'मी करीन' या भविष्यकाळाला लिंग नाही. 'मी आहे' यालाही नाही. कोल्हापूरकडच्या मुली खुशाल 'मी आलो' म्हणतात आणि तिथे कोणाचे काही बिघडत नाही. आणि ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या तेव्हा तर त्या स्त्रीच्या 'मी'नेच लिहिल्या. संतांना आम्ही ती सवलत सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे.

वही देताना मी काही बोललो नाही. भाषा चांगली आहे, एवढाच शेरा लिहिला. त्या विद्यार्थ्याबद्दल ओळख पटेल असे मी काही लिहिणार नाही. 'तो' म्हणू की 'ती' म्हणू, हेही त्यानेच सांगावे. तोवर मराठीने 'ते मूल' म्हणण्याची जी सोय ठेवली आहे ती वापरतो. पुढे एकदा शिखंडीचा उल्लेख वर्गात निघाला, मी वर सांगितलेली गोष्ट सांगितली, आणि तास संपल्यावर ते मूल टेबलापाशी आले. 'सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?' मी सांगितले. मग थांबून, 'आत्ताच्या कोणाचं असं पुस्तक आहे का?'

आता सांगा, काय द्यावे?

ग्रंथालयात मी 'पार्टनर' आहे का विचारले. बिंदुमाधव खिरे यांची ही कादंबरी २००५ची. एका मुलाला आपण समलिंगी आहोत हे कळण्यापासून ते स्वीकारण्यापर्यंतचा प्रवास त्यात आहे, आणि मराठीत असे सरळ, रोखठोक लिहिणारे ते जवळजवळ एकटेच. पुण्याची 'समपथिक' ही त्यांची संस्था २००२पासूनची. ग्रंथपालांनी तत्परतेने 'पार्टनर' काढून दिले, ते व. पु. काळ्यांचे निघाले. वपुंच्या पुस्तकालाही मागणी आहेच, त्याची पाने सुटलेली होती. खिऱ्यांचे नव्हते. शिवाय समलिंगी असणे आणि पारलिंगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एकात प्रश्न कोण आवडते हा, दुसऱ्यात मी कोण हा. आमच्या मैदानावरच्या शिव्या हा फरक करीत नाहीत, पण पुस्तक देणाऱ्याने तो केला पाहिजे.

शेवटी माझ्या कपाटातले 'मी हिजडा, मी लक्ष्मी' दिले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे हे आत्मकथन वैशाली रोडे यांनी शब्दांकित केले आणि ते २०१२ साली मराठीत आले. नंतर त्याचे इंग्रजीही झाले. ठाण्यातल्या एका कर्मठ घरात वाढलेले हे मूल नाचात रमते, छळ सोसते, आणि घाबरून अशोक राव कवींकडे जाऊन विचारते की माझ्यात काही बिघडले आहे का. तुझ्यात काही बिघडलेले नाही, अभ्यास कर, असे त्यांनी सांगितल्याचे लक्ष्मी सांगतात. त्या घरात स्थूणाकर्ण बाहेरून आला, पण आईबापांनीही हात सोडला नाही, हे त्या पुस्तकातले मला सर्वांत मोलाचे वाटते.

आठ दिवसांनी पुस्तक परत आले, वर्तमानपत्राचे कव्हर घालून. वाचून काय वाटले, असे विचारले तेव्हा उत्तर आले ते मी विसरू शकलेलो नाही. 'चांगलं आहे सर. पण हे सगळं मोठं झाल्यावरचं आहे. यात कोणी बारावीत नाही.'

बरोबर आहे. आत्मचरित्र लिहिणारा माणूस नदी पार करून पलीकडे उभा असतो. तो परतून सांगतो की पाणी किती खोल होते. सोळाव्या वर्षाच्या मुलाला पलीकडचा काठ दिसतच नसतो. त्याला सोबत हवी असते ती आत्ता पाण्यात असलेल्याची, ज्याचे पुढे काय होईल हे लिहिणाऱ्यालाही अजून ठरवायचे आहे अशाची. ते काम कादंबरीचे आहे.

मग मी मराठीचा मास्तर म्हणून आमच्या घरात काय काय आहे ते पाहू लागलो. पाहता पाहता चकित झालो, कारण बाईच्या वेषातला पुरुष मराठी माणसाइतका दुसऱ्या कोणी डोक्यावर घेतला असेल असे वाटत नाही. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर कंपनीत आले, आणि पुढे पुण्यामुंबईच्या घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी नथ घालू लागल्या. भारुडात, तमाशातल्या गवळणीत पुरुषाने बाई व्हावे यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पण हा मान रंगमंचाच्या कडेपर्यंतच. गणपत पाटलांनी तमाशाप्रधान चित्रपटांत नाच्या रंगवला आणि तो इतका खरा रंगवला की प्रेक्षकांनी त्यांना घरीही नाच्याच ठरवले. बायकामुले असलेल्या त्या गृहस्थाला त्याचा मनस्ताप जन्मभर पुरला. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधल्या गुणाचे दुखणे हेच. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'त (१९७९) स्त्रीपार्टी नटांच्या त्या वैभवाची उरलेली राख आहे: उदबत्त्या विकणारा बर्वे आणि त्याचे संसाराचे स्वप्न. मराठी रंगभूमीवर इतके विदारक आणि इतके हळवे फार थोडे लिहिले गेले आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली (१९८१) सुमित्रा दुसऱ्या मुलीवर प्रेम करते, आणि शेवटी मरते. त्याआधी, १९२७ ते १९५३पर्यंत, 'समाजस्वास्थ्य'मधून र. धों. कर्वे एकटेच या विषयांवर शांतपणे, कसलाही आरडाओरडा न करता लिहीत होते, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत होते.

या सगळ्यांत तायप्पाजवळ मला थोडे जास्त थांबायचे आहे. राजन गवसांच्या 'भंडारभोग' आणि 'चौंडकं' या कादंबऱ्यांवरून राजीव पाटलांनी 'जोगवा' हा चित्रपट काढला. २००९ साली तो गावोगाव चालला आणि तायप्पा रंगवणाऱ्या उपेंद्र लिमयांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तायप्पा हा धडधाकट तरुण. शरीराला काही व्याधी होते, यल्लम्माचे बोलावणे आले असे गाव ठरवते आणि त्याला लुगडे नेसवून जोगता करते. सुली ही तशीच देवीला सोडलेली जोगतीण. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. आमच्याकडे काही जण या चित्रपटाला तृतीयपंथीयांचा चित्रपट म्हणतात, ते बरोबर नाही. तायप्पा पुरुष आहे आणि त्याला पुरुषच राहायचे आहे. ज्या मुलाबद्दल मी लिहीत आहे त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे: तायप्पाला लुगडे नको असताना नेसवले, याला हवे असताना हिसकावले. पण दोघांवर अन्याय करणारा हात एकच. तू कोण हे तुला न विचारता आम्ही ठरवणार, असे म्हणणारा. म्हणून 'जोगवा' पाहून आलेले ते मूल तायप्पासाठी रडले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. आणखी एक कारण होते. अशा माणसावर कोणी प्रेम करू शकते, हे त्याने पडद्यावर पहिल्यांदा पाहिले होते.

बाकी मराठीत अशा पात्राला तीनच भूमिका मिळतात. हसवणे, रडवणे किंवा आशीर्वाद देणे. चिठ्ठी लिहिणे, वाट पाहणे, रुसणे, बाकावर नाव कोरणे हे त्याच्या वाट्याला येत नाही. आणि कुमारवयाचे चित्रण आम्हांला येत नाही असे थोडेच आहे? प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'मध्ये (१९९४) ज्या नजरेने जग पाहतो, मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मधला (२००४) मुकुंद शिरोडकरसाठी ज्या रस्त्याने फेऱ्या मारतो, तसे लेखन कोणत्याही भाषेने मिरवावे असे आहे. एका कपाटात लंपन आणि मुकुंद, दुसऱ्या कपाटात तायप्पा आणि बर्वे. दोन्ही कपाटे भरलेली आहेत. पण या कपाटातला कोणी त्या कपाटात जात नाही.

शेजाऱ्यांनी काय केले? तमिळमध्ये सु. समुत्तिरम यांची 'वाडामल्ली' ही कादंबरी 'आनंद विकटन' या घराघरांत जाणाऱ्या साप्ताहिकात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात क्रमशः आली. शिकत्या वयात आपण बाई आहोत हे उमगलेल्या मुलाची ती गोष्ट. लोकप्रिय साप्ताहिकात, स्वयंपाकाच्या पाककृतींच्या शेजारी! लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या तमिळ आत्मकथनावरून २०१५ साली कानडीत चित्रपट झाला. त्याच्या नावाचा अर्थ 'मी तो नव्हे, ती', आणि संचारी विजय यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यल्लम्माच्या परंपरेतून आलेल्या मंजम्मा जोगती कर्नाटकाच्या जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख 'कुरूप' हा कवितासंग्रह घेऊन उभ्या राहिल्या, श्रीगौरी सावंतांच्या आयुष्यावर २०२३ साली 'ताली' ही मालिका आली. पण पुन्हा तेच: मोठ्यांचे, मोठ्यांसाठी.

अमेरिकेत मात्र कुमारांसाठी असे लेखन हा आता वेगळा प्रांतच झाला आहे. ज्यूली ॲन पीटर्स यांची 'लूना' २००४ची. ॲलेक्स जिनो यांच्या २०१५मधल्या पुस्तकातल्या चौथीतल्या मुलाला शाळेच्या नाटकात शार्लट नावाच्या कोळिणीचे काम करायचे असते आणि बाई म्हणतात, ते मुलीचे काम आहे. पुस्तक आधी त्या मुलाच्या जुन्या नावाने, 'जॉर्ज' म्हणून निघाले. २०२२पासून ते तिने स्वतः घेतलेल्या 'मेलिसा' या नावाने निघू लागले. म्हणजे पात्राबरोबर पुस्तकाचेही बारसे पुन्हा झाले. तिथेही सगळे सुखाने चालते असे नाही; २०१८पासून लागोपाठ तीन वर्षे ग्रंथालयांतून काढून टाका अशी सर्वाधिक ओरड झाली ती याच पुस्तकाविरुद्ध. आपल्याकडे २०२१ साली एन.सी.ई.आर.टी.ने पारलिंगी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका केली, आणि आक्षेप येताच ती काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरली. पुस्तिका शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हे, हेही लक्षात घ्यावे.

कोणी म्हणेल, असली पुस्तके वाचून मुलांच्या डोक्यात नको ते शिरते. ही भीती मी पालकांच्या तोंडून ऐकतो आणि ती खोटी आहे असे म्हणून मी त्यांना झटकत नाही. पोटचे पोर जगात हसे होईल ही भीती खरीच असते. पण त्या निबंधातले क्रियापद चुकवायला त्या मुलाला कोणत्या पुस्तकाने शिकवले होते? तोवर त्याने एकही वाचले नव्हते. पुस्तक नव्हते म्हणून ती जाणीव थांबली नाही. फक्त ती एकटी राहिली. पुढे घरी कुणकुण लागली तेव्हा देवऋषी आणला गेला. तीन आठवडे बाक रिकामा होता. नंतर ते मूल आले, परीक्षेला बसले, पास झाले आणि नाशिकला निघून गेले. मधूनमधून फोन येतो. आई लपून बोलते, वडील अजून नाही, असे कळते. बाकीचे मी विचारीत नाही आणि ते सांगत नाही.

अशी कादंबरी मराठीत कोणी लिहायला घेतली तर तिला पहिली अडचण व्याकरणाचीच येईल. निवेदन प्रथमपुरुषी केले तर पहिल्याच वाक्यात 'उठलो' की 'उठले' हे ठरवावे लागेल. तृतीयपुरुषी केले तर 'तो' कुठल्या पानावर 'ती' होणार, आणि ते प्रथम कोणाच्या तोंडून, हा प्रश्न. माझ्या मते तेच त्या कादंबरीचे कथानक. शंभर पाने सगळे गाव 'तो' म्हणते आहे आणि एक दिवस आजी, चूल फुंकता फुंकता, सहज 'आली का गं' म्हणून जाते. यापेक्षा मोठा प्रसंग रचायची गरज नाही. तिच्यात भाताची लावणी असावी, एस.टी. चुकणे असावे, मामाच्या गावचा कोणी एक मुलगा असावा जो वर्गात हसणाऱ्यांत सामील असतो आणि संध्याकाळी मात्र सायकल हातात धरून बरोबर चालतो. तिचा शेवट मरणात नसावा. मराठीत अशी पात्रे पुरेशी मेली आहेत. आणि कृपा करून ती समाजकार्याचा अहवाल नसावी. मुले अहवाल वाचत नाहीत.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी माझ्या वर्गाने शिखंडीवर एकांकिका बसवायला घेतली आहे. संहिता मुलांनीच लिहिली. शिखंडीचे काम मुलाने करायचे की मुलीने, यावर भांडण होईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही, तीन मुली आणि दोन मुलगे आपणहून पुढे आले. हिरण्यवर्म्याच्या मुलीला त्यांनी नाव दिले आहे आणि बापाला उलट बोलेल असा एक संवादही. स्थूणाकर्णाचे काम करायला मात्र अजून कोणी तयार नाही. त्याला शेवटी लुगडे नेसून एकट्याने रंगमंचावर उभे राहावे लागते, आणि तेव्हा शिट्ट्या पडतील असे सगळ्यांचे म्हणणे आहे. तालीम रोज दुपारी दोन वाजता असते. शुक्रवारपर्यंत कोणी नाव दिले नाही तर ते काम मी करीन असे मी सांगून ठेवले आहे.